खेचरांचे प्राध्यापक

राठोड सर डोकेदुखीची गोळी घ्यायला दुकानात आले, की मी दोन गोळ्या काढते. एक त्यांना आणि एक मला. कारण गोळी हातात पडेपर्यंत डोकेदुखीवर फौजेत काय काय संशोधन झालेलं आहे, ते सगळं ते मला सांगतात. हेल्मेटच्या वजनानं दुखणारं डोकं वेगळं, तोफेच्या आवाजानं दुखणारं वेगळं, बर्फावरच्या उजेडानं दुखणारं वेगळं.

"आणि तुमचं आज कशानं दुखून राहिलं, सर?" मी एकदा विचारलं.

त्यांनी समोर बोट केलं. समोर गजानन न्हाव्याचं दुकान आहे आणि त्याचा स्पीकर सकाळपासून चालू असतो. "त्यावर," सर म्हणाले, "अजून काम व्हायचं आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. एरवी त्यांचं ठरलेलं वाक्य उलटं असतं. "यावर काम झालेलं आहे." तुम्ही मिरचीचं नाव काढा, मच्छराचं काढा, चपलेच्या अंगठ्याचं काढा. सर चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "यावर काम झालेलं आहे. पहिला मुद्दा..." त्यांच्या बोलण्यात पहिला मुद्दा नेहमी असतो. दुसरा मुद्दा आलेला मी अजून ऐकला नाही, कारण पहिलाच संपत नाही.

सेनगाव तालुक्यातलं आमचं गोरेगाव म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार. पेठेच्या तोंडाशी माझं मेडिकल. सर मूळचे इथून जवळच्या लमाण तांड्यावरचे. शिकत शिकत इतके पुढे गेले, की उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका लष्करी अकादमीत इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि सगळी नोकरी तिथंच केली. लग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि माझ्या दुकानामागं दोन खोल्या बांधून राहिले. पँटीची इस्त्री अशी, की त्या घडीनं लिंबू चिरावं. बुटाला पॉलिश असं, की गल्लीतल्या कोंबड्या त्यात स्वतःला बघून चोच मारतात.

सुरुवातीला गावाला वाटलं, मेजर आला. शाळेनं त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. पोरं डोळे मोठे करून पुढं बसली. एकानं विचारलं, "सर, तुमी लढाईत किती जन मारले?"

"मी पेपर तपासायचो," सर म्हणाले.

पोरांचा चेहरा पडला. पण सरांचा मुळीच पडला नाही. त्यांनी तिथंच सगळ्या शाळेला उभं-आडवं समजावून सांगितलं, की लष्करी अकादमीत बंदूक चालवायला शिकवतात हे अर्धंच खरं आहे. तिथं मोठ्ठं ग्रंथालय असतं, प्रयोगशाळा असतात, गणिताचे, कायद्याचे, भाषेचे प्राध्यापक असतात. कोणी झोपेवर काम करतो, कारण पहारेकऱ्याला झोप का येते हे कळलं पाहिजे. कोणी वाळूवर करतो, कारण रणगाडा वाळूतच रुततो. कोणी जुन्या किल्ल्यांची पाण्याची टाकी मोजत बसतो, कोणी जुन्या फारसी पत्रांचा अर्थ लावत बसतो, कोणी कैद्याला कसं वागवावं याचा कायदा बघतो, आणि एक बाई तर सैनिकांच्या कवितांवर काम करत होत्या. "लोक म्हणतात फौज पोटावर चालते," सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "चूक! फौज पायावर चालते. टाचेला फोड आला की अख्खी पलटण थांबते. यावर काम झालेलं आहे!"

मागून गजानन हळूच म्हणाला, "मंग गोळ्या कव्हा घालतेत?"

"गोळी घालणं हे शेवटचं काम," सर म्हणाले. "ते करायची वेळ येऊ नये, म्हणून आधीची सगळी."

सरांचा स्वतःचा विषय खेचरं. म्हणजे तोफा, पीठ आणि दारूगोळा डोंगरावर वाहून नेणारी फौजेची खेचरं, आणि त्यांच्याही आधीचे लमाणांचे बैल, ज्यांच्या पाठीवरून जुन्या काळी सैन्यांना धान्य जायचं. यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलंय, इंग्रजीत. निवृत्त होऊन आले तेव्हा ते पुस्तक घेऊन मोठ्या अभिमानानं तांड्यावर गेले. चुलतीला दाखवून म्हणाले, "काकी, आपल्या पणजोबांवर लिहिलंय. बैलांवर सगळा अभ्यास आहे."

काकीनं पुस्तक उलटसुलट केलं, वजन बघितलं आणि विचारलं, "बैल हाकायला पुस्तक काहून लागतंय रे?"

सर दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मूळच्याच जोरात. काकीचा प्रश्न मूलभूत आहे म्हणाले.

त्यांना एक खोड आहे. अभ्यास नुसता सांगून त्यांचं भागत नाही, तो करून बघावा लागतो. गोरेगावहून हिंगोलीला जाणारी रहीमभाईची जीप ते एकदा सुटूच देईनात. वजन बराबर वाटलेलं नाही म्हणाले. सगळ्यांना खाली उतरवलं आणि अंगापिंडाप्रमाणे पुन्हा बसवलं. त्यात एक सासू आणि एक सून, ज्या दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या मधल्या सीटवर मांडीला मांडी लावून आल्या. रहीमभाई कावला. "सर, ये जीप है, खच्चर नहीं!"

"तीच तर अडचण आहे," सर म्हणाले. "ओझं जास्त झालं की खेचर नाही म्हणतं. जीप बिचारी कधी नाही म्हणत नाही."

हिंगोली येईपर्यंत सासू-सून दोघी मिळून सरांना शिव्या देत होत्या, आणि तिथून पुढं त्यांचं बरं जमलं.

शेजारच्या साखरा गावात एका लग्नात त्यांनी याहून मोठा घोळ घातला. अफवा कशी पसरते यावर फौजेत काम झालेलं आहे, हे ते मला मांडवात समजावून सांगत होते. माझा विश्वास बसेना. तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानाला लागून ते एवढंच म्हणाले, "आज जिलबी आहे म्हणे." अक्षता पडेपर्यंत सगळा मांडव स्वयंपाकाच्या दिशेला तोंड करून बसला होता. एक पाव्हणा तर आमच्याकडं येऊन आम्हालाच सांगून गेला, की जिलबी साजूक तुपातली आहे, कढई आपण डोळ्यांनी पाहिली. नवरीचा बाप घामाघूम. पाहुण्यांत नाक जाईल म्हणून त्यानं रहीमभाईला जीप घेऊन सेनगावला पिटाळलं आणि शेवटच्या पंगतीला खरोखर जिलबी वाढली गेली. सरांनी एकही खाल्ली नाही. प्रयोग करणाऱ्यानं प्रयोगातलं खायचं नसतं म्हणाले.

असा हा माणूस. गाव त्यांना हसायचं, मीही हसायची. हसता हसता कधी विचार केला नाही, की दुकान बंद झाल्यावर हे आपल्या खोलीत पहिला मुद्दा कोणाला सांगत असतील.

माझे वडील आण्णा माझ्याकडंच राहतात. जन्मभर शेती केली. आता दोन-तीन वर्षांपासून त्यांची आठवण विझत चालली आहे. जुनं सगळं लख्ख असतं, पण सकाळी जेवले की नाही ते दुपारी सांगता येत नाही. दुकानात काउंटरच्या बाजूला त्यांची खुर्ची ठेवलेली आहे. तिथं बसून ते रस्ता बघतात.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, बाजाराच्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक उसळलं होतं. मी एका म्हातारीला मलम कसं लावायचं ते सांगून वळले, तर खुर्ची रिकामी.

आधी वाटलं, मागं मोरीवर गेले असतील. तिथं नव्हते. गल्लीत नव्हते. बाजारात हजार माणसं, वर ऊन, आणि आण्णांना आता कुठं राहतो ते तरी धड सांगता येईल की नाही. मी ओरडले तसा गजानन वस्तरा टाकून धावला. अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईकही धावलं. जो तो दिसेल त्या दिशेला पळत सुटला आणि थोड्या वेळानं तेच तेच लोक एकमेकांना त्याच त्याच ठिकाणी भेटायला लागले.

"थांबा!" सर ओट्यावर उभे होते. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मैदानावरचा आवाज होता तो. "सगळे जण एकीकडं शोधू नका. यावर काम झालेलं आहे."

"सर, आता नगा सुरू करू," गजानन म्हणाला.

पण सर सुरू झालेच होते. त्यांनी माझ्या ओट्यावर खडूनं गाव काढलं. पेठ, बसथांबा, साखऱ्याचा रस्ता, मंदिर, ओढा. चौकोन पाडले. शेजारच्या बाईच्या टोपलीतून भुईमुगाच्या मूठभर शेंगा उचलल्या. "समुद्रात जहाज हरवलं की असंच शोधतात. जिथं सापडायची शक्यता जास्त, तिथं जास्त शेंगा."

"समुद्र कुठंय हो सर? आपल्या ओढ्यालाच पानी न्हाई!"

"आठवण गेलेला माणूस आणि समुद्रातली नाव सारखीच, गजानन. वारा नेईल तिकडं जातात. ताई, आण्णांचा वारा कुठला? कुठं जायची ओढ आहे?"

मी म्हणाले, साखऱ्याच्या रस्त्याचं आमचं शेत. दुसरं काय असणार? सरांनी त्या रस्त्यावर शेंगांचा ढीग ठेवला. रहीमभाई जीप घेऊन गेला. बाकीच्यांची सरांनी वाटणी केली, कोण कुठल्या चौकोनात ते नीट ठरवून दिलं.

रहीमभाई रिकामा परत आला. शेतात कोणी नव्हतं, रस्त्यावर कोणी पाहिलं नव्हतं. सरांनी तो ढीग उचलला आणि उरलेल्या चौकोनांत वाटून टाकला. बसथांब्यावरची माणसं हात हलवत आली. तिथल्या शेंगा उचलल्या, पुन्हा वाटल्या. मंदिरातही नाही. बघ्यांत कोणीतरी खुसखुसलं. एक जण म्हणाला, "फौजीनं आता शेंगा खाव्या आन घरी जावं."

माझा धीर सुटला. "सर, माझा बाप हरवलाय! आणि तुमी शेंगा काय वाटून राहिले?"

सर माझ्यावर रागावले नाहीत. खाली बघत होते. "ताई," ते म्हणाले, "रिकामी जागा म्हणजे हार नाही. तिथं नाहीत हे आता आपल्याला माहीत आहे. प्रत्येक रिकाम्या जागेबरोबर आपण त्यांच्या जवळ चाललोय. मला फक्त एवढं सांगा, आज सकाळपासून ते काय म्हणत होते?"

काय म्हणत होते? मला काहीच आठवेना. गर्दी होती, मी हं हं करत होते. मग माझी नजर खुर्चीमागच्या खिळ्यावर गेली. तिथं त्यांची छत्री असते, काळी, लाकडी मुठीची. ती नव्हती.

"छत्री कुठंय, छत्री कुठंय, करून राहिले होते," मी म्हणाले. "मी दिली नाही. पाऊस नाही म्हणलं."

"उन्हासाठी घ्यायचे?"

"न्हाई. त्यांना कव्हा ऊन लागलंय? डोक्याला रुमाल बांधून शेतात..." आणि मी बोलता बोलता थांबले.

छत्री ते स्वतःसाठी कधीच घ्यायचे नाहीत. ते माझ्यासाठी घ्यायचे. मी लहान असताना सकाळची शाळा सुटायच्या वेळेला आण्णा शेतातलं काम टाकून छत्री घेऊन फाटकाशी उभे असायचे. लेकराला ऊन लागू नये म्हणून. बाकीचे बाप हसायचे. ती शाळा ओढ्यापलीकडं होती. आता शाळा दुसरीकडं गेली आणि त्या इमारतीत सोयाबीनचं गोदाम आहे.

मी सरांना एवढंच म्हणाले, "जुनी शाळा."

ती त्यांच्या नकाशात नव्हतीच. सरांनी खडू घेऊन ओढ्यापलीकडं नवा चौकोन काढला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शेंगा त्यात ठेवल्या. मग नकाशा तसाच टाकून माझ्यापुढं चालायला लागले. चालायला कसलं, पळायलाच. पॉलिशचे बूट ओढ्याच्या धुळीत बुडाले तरी थांबले नाहीत.

आण्णा गोदामाच्या पायरीवर बसलेले होते. छत्री उघडलेली, पण स्वतः उन्हात. छत्री शेजारच्या रिकाम्या जागेवर धरलेली. मला बघून उठले आणि रागावले.

"किती उशीर गं पोरी? शाळा कव्हाच सुटली. समदे लेकरं गेले घरी."

चाळिशी ओलांडलेली मी बाई. त्यांनी माझा हात धरला, छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि आम्ही निघालो. सर मागं थोडं अंतर ठेवून येत होते. ओढ्याशी आण्णा थांबले आणि मागं वळून त्यांच्याकडं बघायला लागले. इस्त्रीची पँट, चष्मा, ताठ मान.

"तुमी हिचे मास्तर व्हय?"

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "हो."

"अभ्यासात कशी हाय?"

"हुशार आहे," सर म्हणाले. "थोडी चिडते. पण हुशार आहे."

आण्णा समाधानानं हसले. घरी येईपर्यंत ते सरांना सांगत होते, की हिला गणितात जरा बघा, बाकी तकलीफ न्हाई.

गावानं त्यानंतर शेंगांवरून हसणं सोडलं असं नाही. गजानन अजून कोणाची म्हैस सुटली की सरांना शेंगा नेऊन देतो. पण देताना थांबतो, आणि सर काय सांगतात ते ऐकून मगच म्हैस शोधायला जातो.

आणि सर रोज सकाळी दुकानात यायला लागले, गोळीसाठी नाही. मी शटर उघडून आण्णांना खुर्चीत बसवते, तोवर ते येतात. शेजारी स्टूल ओढतात. आण्णा त्यांच्याकडं अनोळखी नजरेनं बघतात आणि विचारतात, "तुमी कोन?"

सर उठून उभे राहतात. आपलं नाव सांगतात, तांड्याचं नाव सांगतात, लष्करी अकादमीत शिकवायचो म्हणून सांगतात.

"काय शिकवता?"

मग सर सांगतात. एक दिवस खेचरं, एक दिवस चांदण्यांवरून रस्ता काढणारे खलाशी, एक दिवस बर्फात न गोठणारं तेल, एक दिवस सैनिकांच्या कविता. आण्णा मन लावून ऐकतात. मधे मधे म्हणतात, "बराबर हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "तुमी कोन?" आणि सर पुन्हा उठून उभे राहतात.

एकदा मी म्हणाले, "सर, कंटाळा येत नाही? रोज तेच ते. त्यांच्या काही लक्षात राहत नाही."

सरांनी चष्मा पुसला. "ताई, अकादमीत दरवर्षी नवी मुलं यायची. पहिल्या दिवशी विचारायची, सर, तुमचा विषय काय? फार बरं वाटायचं. मग ती मोठी होऊन सीमेवर जायची. मोठ्या माणसांना कवायत घेणारा उस्ताद आठवतो. खेचरांचा इतिहास शिकवणारा कोणाला आठवणार? आणि त्यात काही चूक नाही. पण तो पहिल्या दिवशीचा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारला नव्हता." एवढं बोलून ते घाईघाईनं म्हणाले, "आण्णांना आज वाळूबद्दल सांगायचं आहे."

मागच्या महिन्यात शिरड शहापूरला त्यांच्या नात्यात लग्न होतं. सर दोन दिवस गेले. पहिल्या सकाळी मी आण्णांना चहा दिला. त्यांनी अर्धा घेतला, उरलेल्या कपावर बशी पालथी घातली आणि कप स्टुलावर ठेवला.

"प्या की आण्णा, गार होतोय."

"ऱ्हाऊ दे. कोनी तरी येतंय सकाळच्याला."

"कोण येतंय?"

आण्णांनी आठवून बघितलं. बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. "मला काय ठावं? पन येतंय."

दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी सर आले, तेव्हा त्या सकाळचाही कप झाकलेला स्टुलावरच होता. मी त्यांना सगळं सांगितलं. ते उभ्यानंच ऐकत राहिले. नेहमी हातवारे करणारा माणूस, त्याचे दोन्ही हात नुसते खाली लोंबत होते. मग त्यांनी स्टुलावरून कप उचलला, बसले, आणि तो गार चहा शेवटच्या थेंबापर्यंत हळूहळू प्यायले. मी दुसरा गरम आणते म्हणाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

आण्णा त्यांना निरखून बघत होते.

"तुमी कोन?" त्यांनी विचारलं.

सरांनी कप जपून खाली ठेवला, शर्ट नीट केला आणि उठून उभे राहिले.